मेहर साहेबांचं मशीन

या, जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात तर डुलकी लागेल आणि मग म्हणाल, गोष्टीत काही राम नव्हता. नावाचा महिमा आपण जन्मभर ऐकत आलो आहोत. नाव घ्या, तरून जाल, असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण नाव चुकीचं वाचलं तर काय होतं, हे कुणी सांगितलं नाही. ते आज ऐकवतो. तेवीस नातेवाइकांचं एक कुटुंब घर बदलायला निघालं होतं आणि त्यातल्या एकाला, नाव धड वाचता न आल्यामुळे, कायमचं पुसून टाकायची वेळ आली होती.

तर एक कारखाना होता, कुलपांचा. दारातून आत शिरलं की पितळेचा बारीक भुसा बुटाला चिकटायचा आणि तेलाचा वास कपड्यांना. अंगठ्याएवढ्या पेटीच्या कुलपापासून गोदामाच्या दाराला लावायच्या पावशेरी कुलपापर्यंत सगळं तिथे व्हायचं. प्रत्येक कुलपाच्या पोटावर एक नंबर कोरलेला असायचा. किल्ली हरवली तर तो नंबर कळवायचा, की कारखाना नवी किल्ली कापून देणार, मग कुलूप परवाचं असो की पस्तीस वर्षांपूर्वीचं. 'कुलूप तोडू नका, आम्हाला सांगा,' असं काउंटरच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. कारखान्याचा शब्द होता तो.

जिन्याच्या वळणावर एक थंडगार खोली होती आणि त्यात दोन काळ्या पेट्या, म्हणजे सर्व्हर. या दोन पेट्यांत तेवीस कॉम्प्युटर राहत होते. कसे? एका मोठ्या घरात पडदे टाकून बिऱ्हाडं करावीत आणि प्रत्येक बिऱ्हाडाला वाटावं, अख्खं घर आपलंच, तसे. पडदे टाकायचं काम एक सॉफ्टवेअर करायचं. या धंद्यात पेटीला म्हणतात यजमान आणि आतल्या मशीनना म्हणतात पाहुणे. इथले पाहुणे चौदा वर्षांपूर्वी आले होते आणि हलायचं नाव घेत नव्हते.

आता हलणं भाग होतं. पडद्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने कळवलं होतं की अमुक तारखेनंतर आम्ही हे सांभाळणार नाही. भोक पडलं तर ठिगळ लावायला येणार नाही, चोर शिरला तर फोन करू नका. घरमालकानेच हात वर केले, तर भाडेकरूने गाठोडं बांधलेलं बरं. सगळी बिऱ्हाडं नव्या सॉफ्टवेअरवर न्यायची होती आणि हातात सात आठवडे होते.

ही जबाबदारी होती सर्व्हरताईची. सगळा कारखाना तिला याच नावाने हाक मारायचा. बाहेर उन्हाळा पेटलेला असला तरी हिच्या अंगात स्वेटर, चष्मा डोक्यावर, आणि तोच चष्मा ती टेबलाखाली वाकून शोधत असायची. सहा वर्षांपूर्वी तिने ही खोली आबांकडून हाती घेतली होती. या तेवीस मशीनना जन्म दिला तो आबांनी आणि नावंही त्यांनीच ठेवली. सगळी नात्यातली! ऑर्डरी सांभाळायची ती सासू. सासूने सांगितलं की माल पाठवायच्या चिठ्ठ्या छापायची ती सून. नणंद स्वतः काडीचं काम करत नसे, फक्त बाकीच्यांवर नजर ठेवायची आणि कुणाचं जरा चुकलं की गावभर कळवायची. व्याही पितळ पुरवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरशी बोलायचा, तेही अगदी मोजकं आणि अदबीनं. आणि जावई कुलपांची चित्रं काढायचा. आठवड्यातून दोनदा काम, पण सगळ्यात जास्त मेमरी त्याला, आणि कुणाची बोलायची छाती नाही.

सूत्रं सोपवताना आबा एवढंच म्हणाले होते, "पोरी, नातं कळलं की काम कळेल." ताई हसली होती. म्हाताऱ्या माणसाची थट्टा, दुसरं काय! नावं इंग्रजी अक्षरांत लिहिलेली होती. कॉम्प्युटरच्या नावाला आपली अक्षरं त्या काळी मानवत नसत. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता ताईचं एक दुखणं सांगतो. तिला आईकडे जायचं होतं. आठ दिवस, बस्स! चार वेळा रजा घेतली आणि चारही वेळा मोडली. एकदा खोलीतलं थंड हवेचं यंत्र बंद पडलं, एकदा वीज गेली ती जावयाला घेऊन गेली, एकदा वार्षिक मालमोजणी आली, आणि चौथ्या खेपेला पिशवी भरलेली असताना त्या कंपनीचं पत्र आलं. आईने रागावणं सोडून दिलं होतं, आणि ते ताईला जास्त लागायचं.

"ये म्हणत नाही मी आता," आई फोनवर म्हणायची. "येशील तेव्हा ये. फक्त आदल्या दिवशी सांग, गादीला ऊन दाखवायला हवं. आणि तुझ्या त्या मशीनना विचार, त्यांच्या आजीची त्यांना आठवण येते का?"

या वेळी मालकीणबाईंनी शब्द दिला होता. शुक्रवारी घर बदलायच्या बेतावर सह्या झाल्या की शनिवारी सकाळी सहाची बस ताईची. सह्या नाहीत, तर बस नाही. तिकीट पाकिटात होतं आणि ताई तासातासाला ते चाचपून बघत होती.

शुक्रवारी दहाला बैठक बसली. एका बाजूला मालकीणबाई. त्यांच्या वडिलांनी कारखाना काढला, यांनी वाढवला. कुठलीही गोष्ट अर्धवट राहिली की त्यांना अंगावर खाज सुटल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या बाजूला सल्लागार. चकचकीत बूट, गोड बोलणं, तिशीचा हुशार माणूस, पण वाढला लांब कुठेतरी, जिथे आई-बाबा सोडून उरलेले सगळे अंकल नाहीतर आंटी. बेताचा तक्ता त्याच्या मुख्य हापिसाने बनवला होता, आणि त्या हापिसात आपली भाषा कुणाला ओ की ठो येत नव्हती.

"सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जपून हलवायचं ते मामा," सल्लागाराने वाचलं. "मुख्य हापिसाची टीप आहे, ही सगळ्यांची मदर."

"मामा म्हणजे आई नव्हे हो!" ताई म्हणाली. "आईचा भाऊ तो."

"अच्छा, तो मामा होय! तिकडे इंग्रजीत मामा म्हणजे आई असते. बरं, आणि हे 'सून' पहिल्याच दिवशी घेतलंय. लवकर करा, असं कुणीतरी लिहून ठेवलं होतं ना?"

मालकीणबाई इतक्या हसल्या की त्यांच्या बशीतलं बिस्किट खाली पडलं. "अहो, सून म्हणजे लवकर नाही. सून म्हणजे सून!"

असं करत करत ताईने पान एक, पान दोन, पान तीन झाडून काढलं. बावीस मशीन, बावीस चुका पकडल्या म्हणा ना. हात कसा सफाईने चालत होता! आणि सफाईने चालणारा हातच घसरतो. चौथ्या पानावर एकच ओळ होती.

"राहिले मिस्टर मेहर," सल्लागार म्हणाला.

"कोण?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मेहर. एम, ए, एच, ई, आर. बाकी सगळी नात्यांची नावं, हे एकच माणसाचं आडनाव दिसतंय. जुने कर्मचारी असावेत. नव्वद दिवसांत या मशीनकडे दोनदाच कुणी फिरकलंय. बॅकअपच्या यादीतही नाही. त्यांच्या जुन्या फायली असतील. नव्या घरात कशाला न्यायची ही अडगळ?"

मालकीणबाईंनी ताईकडे पाहिलं. आणि खरं सांगायचं तर सहा वर्षं ताईसुद्धा ते नाव मेहर असंच वाचत आली होती. रोज बघतो ती गोष्ट आपण कुठे वाचतो? बॅकअपच्या यादीतून ते मशीन वगळलं होतं तेही तिनेच, आल्याच्या पहिल्या महिन्यात. गेलेल्या माणसाचं सामान म्हणून.

"माझ्या आधीचे असणार कुणीतरी," ती म्हणाली.

"बाबांच्या वेळी एक मेहर होते खरे," मालकीणबाई आठवत म्हणाल्या. "होते बहुतेक. उंच होते. छत्री विसरून जायचे."

झालं! जो माणूस कधी जन्माला आला नाही, त्याला उंची मिळाली, छत्री मिळाली आणि ती विसरायची खोडही मिळाली. 'मेहर: बंद करणे, डिस्क पुसून मोकळी करणे, आज दुपारी चार वाजता,' असं तक्त्यात पडलं आणि त्याखाली ताईने सही केली. पाकिटातलं तिकीट पुन्हा एकदा चाचपलं.

एक वाजता ती डबा घेऊन गोदामात गेली. गोदाम काकूंचं. अठ्ठावीस वर्षं काकू तिथे होत्या. कामावर येणाऱ्या प्रत्येकाला बूट, टॉवेल आणि कपाटाचं कुलूप त्यांच्याच हातून मिळायचं. कंबरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की काकू येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. शिवाय अर्ध्या कारखान्याची लग्नं त्यांनी जुळवलेली. कोण कुणाचा कोण, हे विचारायचं तर काकूंनाच.

"बघू तुझी ती लग्नाची यादी," काकू हात पुसत म्हणाल्या. तक्ता त्यांनी खोक्यावर पसरला. इंग्रजी अक्षरं त्या मालाच्या लेबलांवरून शिकलेल्या, त्यामुळे बोट ठेवून, एकेक सोडवत वाचायच्या. "जा… व… ई. जावयाला एवढी मेमरी?"

"खातो खूप. काम आठवड्यातून दोनदा."

"मग नाव बरोबर ठेवलंय आबांनी. नणंद… हं. आत्या, काका, मामा, मावशी… सगळी मंडळी आली आहेत की. आणि हे खाली एकटं कोण बसलंय?"

"मेहर. जुने कुणीतरी. आज चारला त्यांना मोकळं करणार."

"मेहर?" काकूंचं बोट थबकलं. "कुठला मेहर? अगं, या कारखान्यात आला तो प्रत्येक पाय मी मापलाय. मेहर नावाचा माणूस इथे झाला नाही."

"मालकीणबाई म्हणाल्या, उंच होते."

"उंच असते तर दहा नंबरचा बूट लागला असता. दहा नंबरचे इथे तिघेच, तिघांनाही मी ओळखते. थांब, वाचू दे मला." काकूंनी पुन्हा बोट ठेवलं. "मा… हे… र. मा, हे, र." त्यांनी मान वर केली. "सासू आहे, सून आहे, नणंद आहे, जावई आहे. आता एवढ्या गोतावळ्यात राहिलं काय, तूच सांग? माहेर, अगं! माहेर आहे ते!"

ताईचा घास हातातच राहिला. सहा वर्षं, रोज! आणि ज्या बाईच्या पाकिटात माहेरचं तिकीट होतं, तिनेच त्याच्या पुसण्यावर सही केली होती.

"काकू, त्यात काय आहे मला माहीत नाही," ती पुटपुटली. "पण आबांनी नाव ठेवलंय म्हणजे काहीतरी आहे."

दीड वाजला होता, चारला अवकाश होता. तरी तिने सल्लागाराला फोन लावला. लागेना. जिन्यावर भेटलेला शिपाई म्हणाला, "साहेब तर मघाशीच वर गेले. म्हणाले, चारची वाट कशाला बघायची, जेवणाच्या सुट्टीत उरकून टाकतो."

ताई धावली. आणि इथे देवाने जरा गंमत केली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसं जगाला कुलपं पुरवणाऱ्या त्या कारखान्यात सर्व्हरच्या खोलीचं कुलूप नेमकं अडकणारं होतं. दार आतून ओढलं की आपोआप बंद व्हायचं आणि बाहेरून उघडताना रुसायचं. ताईने किल्ली फिरवली, दार ढकललं, पुन्हा फिरवली. आत पंख्यांच्या घोंघावण्यात सल्लागार कानाला हेडफोन लावून बसलेला, काचेतून त्याची पाठ दिसत होती. ताईने दार बडवलं. पाठ गाण्याच्या तालावर हलत राहिली.

मागून किल्ल्यांचा आवाज आला. "सर बाजूला," काकू धापा टाकत म्हणाल्या. "ढकलतेस काय? आधी आपल्याकडे ओढायचं, मग फिरवायचं. माणसासारखंच असतं ते." खट्.

पडद्यावर प्रश्न उभा होता: कायमचं पुसायचं? हो की नाही? सल्लागाराचं बोट चाललंच होतं. ताई ओरडली ते त्याला ऐकू गेलं नाही. काकूंनी ओरडण्यात वेळच घालवला नाही. खुर्चीला चाकं होती. त्यांनी पाठ धरली आणि खुर्ची सल्लागारासकट मागे ओढली, थेट भिंतीपर्यंत. बोट हवेत राहिलं.

"अहो! काय करताय? मिस्टर मेहर—"

"मिस्टर नाही ते! माहेर आहे, माहेर!" ताई म्हणाली.

"म्हणजे काय?"

काकूंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "लग्न झालंय का रे तुझं?"

"नाही."

"तरीच. आईला विचार, माहेर म्हणजे काय. रडतील बिचाऱ्या."

पुसलं गेलं नव्हतं, पण मशीन त्याने बंद केलं होतं. ताई ते चालू करायला खाली बसते न बसते तोच टेबलावरचा फोन वाजला. खालचा काउंटर होता.

"ताई, जुन्या किल्ल्यांचं पान उघडत नाहीये. इथे एक आजोबा आलेत. बँडमध्ये होते म्हणे, ट्रम्पेट वाजवायचे. ट्रम्पेटच्या पेटीचं कुलूप आपलं आहे, एकतीस वर्षांपूर्वीचं. किल्ली हरवली. आज पाचला नातीच्या शाळेत वाजवायचं कबूल करून बसलेत. नंबर टाकला तर मशीन म्हणतं, उत्तर देणारं कुणी नाही."

ताईने डोळे मिटले. नव्वद दिवसांत दोनदा फिरकले होते ते कोण, हे तिला कळून चुकलं.

"दहा मिनिटं थांबायला सांगा," ती म्हणाली आणि बटण दाबलं. मशीन जुनं होतं, कण्हत-कुंथत उठत होतं. उठेल की नाही याची खात्री नव्हती. तेवढ्या वेळात तिने आबांना फोन लावला. आबा आता मुलीकडे राहत होते. मुलीने आधीच सांगितलं, "बोला, पण हल्ली त्यांना फारसं आठवत नाही. ऐकूही कमी येतं."

"आबा, मी सर्व्हरताई."

"कोण ताई?"

"कारखान्यातली! आबा, ते माहेर आहे ना, त्याबद्दल विचारायचं होतं."

"माहेर?" आबांचा आवाज एकदम स्वच्छ झाला. "मग विचारतेस काय, जाऊन ये की."

"तसं नाही हो! ते बंद करायला निघाले होते. कुणी येत नाही तिकडे म्हणून."

"बंद?" आबा चिडले. "कोण म्हणतो बंद करा? अगं, रोज कोण येतं माहेरी? वर्षा-सहा महिन्यांनी एखादी येते. पण परक्या घरी दिलेली पोर, तिच्यावर वेळ आली तर ती कुठे जाणार? दार उघडं ठेवायचं. दिवा ठेवायचा. येवो न येवो." मग म्हणाले, "तू कुणाची गं पोरी? जेवलीस का?"

ते मशीनबद्दल बोलले की मुलींबद्दल, ताईला आजही सांगता येणार नाही. पण उत्तर मिळालं होतं. या कारखान्यातून किल्ली घडते, घासूनपुसून तयार होते आणि परक्या घरी जाते. तिथे हरवली, मोडली, तर परत येणार कुठे? पडदा उजळला. आत होत्या एक लाख बारा हजार किल्ल्या, प्रत्येकीचे दाते, खाचा, जन्मतारीख, सगळं नीट लिहिलेलं. पस्तीस वर्षांतली एकही लेक आबांनी विसरलेली नव्हती.

सल्लागार खुर्ची पुढे ओढत आला, पण काकूंना विचारून. "मी हे पुसणार होतो," तो हळूच म्हणाला.

"आणि मी सही केली होती," ताई म्हणाली.

खाली अकरा मिनिटांत किल्ली कापून झाली. आजोबांनी तिथेच पेटी उघडली आणि खात्री करायला म्हणून काउंटरवरच एक सूर असा काढला की तिन्ही मजल्यांवरची माणसं कामं टाकून जिन्यात आली.

ताई मालकीणबाईंकडे गेली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "तक्ता चुकीच्या पायावर उभा आहे. त्यांनी मशीन आकाराप्रमाणे लावलीत. आबांनी ती नात्याप्रमाणे बांधली होती, आणि मला ते आज कळतंय. पहिल्यापासून लावायला दोन दिवस लागतील. उद्याची बस मी सोडते." हे म्हणताना तिने पाकिटाला हात लावला नाही.

मालकीणबाईंनी तक्ता बाजूला सारला. मग म्हणाल्या, "आणि मी त्या मेहरांना छत्री दिली, त्याचं काय?" हसू आवरेना त्यांना. "पण सही पक्क्या बेतावरच होणार, ताई. माझा इलाज नाही."

"दोन दिवस कशाला?" दारातून आवाज आला. काकू उभ्या होत्या. "लग्नात दोनशे माणसांच्या बसायच्या जागा मी एका दुपारीत लावते. ही तेवीसच आहेत. बस माझ्याजवळ."

मग तीन वाजता गोदामात खोक्यांवर बैठक बसली. सल्लागाराने मांडीवर कॉम्प्युटर घेतला.

"आधी कोण बूट होणार?" त्याने विचारलं.

"बूट मी देते," काकू म्हणाल्या. "कुणाला हवेत?"

"तसं नाही, काकू. बूट होणं म्हणजे मशीन उठणं. आधी कोण उठणार?"

"मग उठणं म्हण ना! आधी सासू उठणार. ती उठून तयार झाल्याशिवाय सून कामाला लागून उपयोग काय? काय छापू, हे सांगणार कोण तिला?"

ताईने मान हलवली. खरंच तसं होतं. आधी ऑर्डर, मग चिठ्ठी.

"आणि हे दोघे अंकल एकाच दिवशी हलवतोय," सल्लागार म्हणाला. "दोघेही अंकलच ना?"

"तुझ्या आईला भाऊ आहे?"

"आहे."

"त्याला काय म्हणतोस?"

"अंकल."

"आणि बाबांच्या भावाला?"

"अंकल."

"दोघे एकदम समोर आले तर कुणाला हाक मारलीस हे कळतं कसं?"

सल्लागाराने विचार केला. "मी सहसा मेसेज करतो."

काकूंनी कपाळाला हात लावला. "अरे, काका बापाकडचा, मामा आईकडचा! दोघांची घरं वेगळी. एका घरावर संकट आलं तर दुसरं घर धावून येतं. दोघांना एकाच दिवशी गावाला पाठवलंस तर पोरांना बघणार कोण?"

ताई ताडकन उठली आणि आपला कागद बघू लागली. काका, आत्या एका काळ्या पेटीत. मामा, मावशी दुसऱ्या पेटीत. काका जे काम करायचा तेच मामाही करायचा. एक पेटी बंद पडली तर दुसरीतलं माणूस उभं राहावं म्हणून आबांनी तशी सोय केली होती. दोघांना एकदम हलवलं असतं तर दिवसभर कारखान्याचं दार कुणासाठी उघडलं नसतं. कामावर येणाऱ्यांची हजेरी तेच दोघे घ्यायचे.

"नातं कळलं की काम कळेल," ती स्वतःशीच म्हणाली.

साडेसहाला तक्ता झाला. आधी माहेराची नक्कल नव्या घरात न्यायची, पण जुनं बंद करायचं नाही. मग एका पंगतीत आईकडचे, दुसऱ्या पंगतीत बापाकडचे. सासूमागे सून. नणंद मधोमध, म्हणजे तिला दोन्हीकडचं दिसेल. जावई सगळ्यात शेवटी, त्याच्या सवडीने. सगळे सुखरूप पोचल्याचा निरोप आला की मगच जुन्या घराचं दार लोटायचं. शेवटची ओळ सल्लागाराने स्वतः लिहिली, आपल्या अक्षरांत, आणि काकूंना विचारून विचारून: 'माहेर बंद करू नये. कुणी येवो न येवो.' मालकीणबाईंनी सही केली आणि पेन टेबलावर आपटलं.

ताईने जिन्यातूनच फोन लावला. "आई, उद्या येते. गादीला ऊन दाखव."

"ऊन गेलं गं आता," आई म्हणाली. "पण दाखवलंय. कालच दाखवलं."

"मी तर आत्ता सांगतेय!"

"हो का? बरं. परवाही दाखवलं होतं."

सहाची बस ताईला मिळाली. आठ दिवसांत तिला कारखान्यातून एकच फोन आला, तोही सल्लागाराचा: आत्याच्या नवऱ्याला काय म्हणतात, एवढंच विचारायला. पुढे लागोपाठच्या दोन रविवारी, आधी आईकडची आणि मग बापाकडची, अशी तेवीसच्या तेवीस मंडळी नव्या घरी गेली. दुसऱ्या रविवारी दुपारी चारपर्यंत सगळी स्थिरस्थावर झाली. जावई थोडा कुरकुरला, त्याला आणखी मेमरी दिली.

गोष्ट संपली, पण उठण्याआधी एक मागणं आहे. आबांना आता फार काही आठवत नाही. परवा ताई भेटायला गेली तर त्यांनी तिला तीनदा विचारलं, तू कुणाची? तिन्ही वेळा, जेवलीस का, हेही विचारलं. एक लाख बारा हजार लेकी ज्याने एकही न विसरता सांभाळल्या, त्याचं स्वतःचं घर आता रिकामं होत चाललंय. तेव्हा आज घरी जाऊन कुलपात किल्ली फिरवाल ना, तेव्हा क्षणभर थांबा आणि त्या म्हाताऱ्याची आठवण काढा. त्याच्याकडून होत नाही, तेवढं आपण करू.